कुलुपाआडचा होकार

वरूडच्या एस.टी. स्टँडवर सकाळच्या अमरावतीच्या गाडीत बसलेल्यांकडे नीट पाहिलं, तर कोण कशाला निघालंय ते पिशवीवरून कळतं. इर्विन दवाखान्यात निघालेल्याच्या पिशवीत डबा, थर्मास आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले जुने रिपोर्ट असतात. तारखेला निघालेल्याच्या काखेत वकिलाची फाईल असते. आणि जेलच्या मुलाखतीला निघालेली बाई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसते, कारण यातलं काय आत जाईल आणि काय परत येईल ते तिला ठाऊक नसतं. आंबिया बहाराची तोड सुरू असली की अशा पिशवीत हमखास संत्री असतात, घरच्या झाडाची. बहुतेक वेळा ती दारावरूनच परत येतात. संध्याकाळच्या गाडीत तीच संत्री शेजारच्या लेकरांना वाटून टाकलेली मी पाहिली आहेत.

वरूडला मोठा तुरुंग नाही. इथला आरोपी नव्वदेक किलोमीटरवरच्या अमरावती मध्यवर्ती कारागृहात जातो. वाटेत मोर्शीला खुलं कारागृह आहे, पण तिथं जायला आधी शिक्षा व्हावी लागते आणि मग चांगल्या वर्तणुकीची वर्षं खात्यावर जमावी लागतात. तेव्हा ‘संत्र्याच्या गावातून तुरुंगातल्या आरोग्यावर पुस्तक कशाला?’ असं मला दोघातिघांनी विचारलं, त्यात त्यांची चूक नाही. मी एवढंच म्हणालो की आत गेलेली माणसं कुठल्या तरी गावचीच असतात, आणि त्यातली बरीचशी परत येतात. येताना खोकला, खरूज, झोपेचं औषध, नाहीतर काही न बोलण्याची सवय, असं काहीतरी बरोबर आणतात. आपल्या तालुक्यात तर तुरुंग हा शब्द नेहमीच लाजेचा नव्हता. बेनोड्याच्या नावापुढं आजही ‘शहीद’ लागतं ते 1942 च्या चले जाव आंदोलनामुळं, आणि त्याच साली तुकडोजी महाराजही नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात होते. तुरुंगात गेलेल्या माणसाची तब्येत विचारायला तेव्हा कोणी लाजत नसे.

पुढची पानं एका स्वयंसेवकाच्या वह्यांतून तयार झाली आहेत. तो इथलाच, ख्रिस्ती घरातला, सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक. डॉक्टर नव्हे. नाव छापायचं नाही ही त्याचीच अट. परवानगी घेऊन, ठरलेल्या दिवशी, वजनकाटा आणि वही घेऊन तो वर्षानुवर्षं कारागृहांत जात राहिला. प्रस्तावना मी लिहावी असा त्यानं आग्रह धरला तेव्हा मला वाटलं, मी म्हातारा डॉक्टर आहे आणि त्याच्या वडिलांचा मित्र आहे म्हणून असेल. पण कारण वेगळं निघालं. त्यानं जे टाळायचं ठरवलं होतं ते मी करून बसलो होतो, आणि ते त्याला माहीत होतं.

ते आधी सांगतो. तरुणपणी एका कारागृहात त्वचारोगांच्या पाहणीसाठी मी गेलो होतो. कोणतं ते सांगत नाही, कारण दोष तिथल्या कोणाचा नव्हता. बराकीसमोरच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. वॉर्डरनं रांग लावून दिली. संमतीचे कागद माझ्याकडं होते, मराठीतच छापलेले, आणि ते वाचून दाखवायचे असा माझा इरादा होता. पहिला बंदी समोर आला, टेबलावरच्या शाईच्या पॅडवर त्यानं आधीच अंगठा टेकवला आणि विचारलं, “सायब, कुठी लावू?” मी म्हटलं, आधी ऐकून तर घे. तो म्हणाला, “आइकलं जी.” मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

त्या दिवशी एकानंही नाही म्हटलं नाही. अहवालात मी ‘नकार: शून्य’ असं लिहिलं, आणि खरं सांगायचं तर थोड्या ऐटीतच लिहिलं. पुढं वरूडच्या बाजाराच्या दिवशी शिबिर घेतलं तेव्हा डोळे उघडले. तिथं कोणी म्हणे वावरात जायचं आहे, कोणी म्हणे सुई नको, एक म्हातारी तर माझं नाव, गाव आणि कूळ विचारून घेऊन ‘पाहू मंग’ म्हणत निघून गेली. मोकळा माणूस असा वागतो. त्याला नाही म्हणायला कारणही लागत नाही. तुरुंगातला शून्य हा माझ्या कामाचा कौल नव्हता, ती भिंतीची उंची होती.

दुसरी गोष्ट त्याहून बोचणारी. काही महिन्यांनी त्याच ठिकाणी गेलो तर एक वयस्क बंदी ओळखून पुढं आला. म्हणाला, मागच्या खेपेला अंगठा घेतला होता, त्याचं काय झालं? माझ्या पाहणीचे तक्ते पूर्ण झाले होते, निबंधही पाठवला होता. त्याची खरूज होती तिथंच होती.

आता हे पुस्तक ज्या परंपरेतलं आहे तिच्याकडं वळतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय ख्रिस्ती घरातल्या पोरांना लहानपणीच पाठ असतो. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदीत असलेला, अशा सहा जणांची यादी त्यात आहे. प्रवचनांत पहिल्या चौघांवर भरपूर बोललं जातं. आजारी आणि बंदिवान मात्र शेवटी एकाला एक लागून येतात, याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आणखी एक: तो बंदिवान निर्दोष होता की गुन्हेगार, याची त्या अध्यायात चौकशीच नाही. तो आत होता, एवढंच. प्रेषित पौलाची काही पत्रं कैदेत लिहिलेली आहेत, आणि त्यातल्या एकात तो आपल्यासोबत असलेल्या लूक नावाच्या वैद्याचा उल्लेख करतो. बंदिवानाजवळ वैद्य असावा, ही कल्पना इतकी जुनी आहे.

पण जवळ असणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजायला सुरुवात केली ती जॉन हॉवर्डनं. इंग्लंडमधल्या बेडफर्डशायरचा हा जमीनदार, काटेकोर प्रॉटेस्टंट, 1773 मध्ये त्या परगण्याचा शेरीफ झाला. पद बरंचसं मिरवण्याचं होतं. तुरुंगाची देखरेख त्यात येते म्हटल्यावर हा गृहस्थ खरोखरच तुरुंगात गेला. तिथं त्याला निर्दोष सुटलेली माणसं आत डांबलेली सापडली. जेलरला पगार नसे, तो कैद्यांच्या फीवर जगे, आणि फी भागवल्याशिवाय दार उघडत नसे. हॉवर्डनं मग शेजारच्या परगण्यांचे तुरुंग पाहिले, मग देशातले, मग युरोपातले, सगळं स्वतःच्या खर्चानं. कोठडीची लांबी-रुंदी, खिडकी आहे की नाही, पाणी किती लांब, पावाचं वजन किती, पेंढा कधी बदलला, किती माणसं आजारी, हे तो लिहून घेई. कपड्यांना तुरुंगाचा वास असा बसे की बंद बग्गीत बसवेना, म्हणून थंडीपावसात घोड्यावरून जाई. वहीची पानं विस्तवापुढं तास-दोन तास धरल्याशिवाय वापरता येत नसत.

1774 मध्ये त्यानं ब्रिटिश संसदेपुढं साक्ष दिली आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले: एक सुटलेल्यांना फीसाठी अडकवण्याविरुद्ध, दुसरा कैद्यांच्या आरोग्याचा. भिंती वर्षातून एकदा तरी खरवडून चुना द्यायचा, हवा खेळती ठेवायची, आजाऱ्यांना वेगळी खोली, न्हाणी, वैद्याची नेमणूक. कायदा झाला म्हणजे तो पाळला जाईल असा भोळा विश्वास या माणसाला नव्हता. त्यानं प्रती छापून तुरुंगाधिकाऱ्यांना धाडल्या आणि पुन्हा तपासायला निघाला. तुरुंगांवरचं त्याचं पुस्तक 1777 चं. मला त्याच्यात सगळ्यात काय आवडतं सांगू? त्याच्या काळात ‘जेलचा ताप’ म्हणून जो रोग माणसं मारत होता तो टायफस, उवांमधून पसरणारा. ते शास्त्राला कळायला विसावं शतक उजाडलं. हॉवर्ड दूषित हवेला दोष देत होता. कारण चुकलं होतं, मोजमाप चुकलं नव्हतं. न्हाणी, धुतलेले कपडे आणि कमी गर्दी यांनी उवाही कमी होतातच. 1790 मध्ये युक्रेनमधल्या खेरसनला तो तापानंच गेला.

आपल्याकडं तुरुंगातल्या संशोधनाची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट 1897 सालची, मुंबईची. प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन ज्यू होते, ख्रिस्ती नव्हते. तरी ही गोष्ट इथं सांगितल्याशिवाय चालणार नाही. 10 जानेवारीला त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी जे तयार होते त्यांना टोचली आणि उरलेल्यांशी तुलना केली. टोचलेल्यांना रोग कमी झाला. पुढं ती लस अगणित माणसांच्या कामी आली. आधी स्वतःच्या दंडात सुई घालणारा माणूस मला वंदनीय आहे. पण ‘तयार होते’ या दोन शब्दांपाशी मी आता अडखळतो. कोठडीशेजारी माणसं प्लेगनं मरताहेत आणि समोर साहेब उभा आहे, अशा वेळी तयार होणं म्हणजे काय? कदाचित तो खराखुरा होकार असेलही. त्या कैद्यांपैकी कोणी लिहून ठेवलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

नंतरच्या काळात याच प्रश्नानं जगभर गलिच्छ रूपं घेतली. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात 1950 च्या दशकापासून 1970 च्या दशकापर्यंत कैद्यांच्या कातडीवर नाना रसायनं तपासली गेली, थोड्या पैशांच्या मोबदल्यात. त्या कैद्यांच्याही सह्या होत्या. म्हणूनच आज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत बंदिवानांना जादा संरक्षणाची गरज असलेल्यांत धरलं आहे. संशोधन त्यांच्याच उपयोगाचं हवं, नकारानं सवलत जाता कामा नये, होकारानं वाढता कामा नये. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात वॉर्डर रांग लावून देतो तिथंच अर्धं बिघडतं.

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती मंडळींना कुलुपाची ओळख फार जुनी आहे, हे आपण सहसा बोलत नाही. अचलपूर-परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय, यवतमाळ जिल्ह्यातलं उमरीचं मिशन हॉस्पिटल, नागपूरचं मूर मेमोरियल, सीमेपलीकडं बैतूल जिल्ह्यात पाढर, या नावांनी आमच्या घराघरांत परिचारिका आणि कंपाउंडर दिले. त्या सेवेचा मला अभिमान आहे. पण 1898 च्या कुष्ठरोग्यांच्या कायद्यानं भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा दिली होती, आणि देशभरात असे आश्रम बरेचसे मिशनचेच होते. म्हणजे औषध देणारा हात आणि कडी लावणारा हात कधीकधी एकाच अंगरख्याच्या बाह्यांत होते. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभं केलं तेव्हा तिथल्या कुष्ठरुग्णांना हाताला काम मिळालं, शेती आणि उद्योग मिळाले. आमच्या मंडळींनी त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ होतं.

आता अलीकडची स्थिती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या आकड्यांनुसार देशभरच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, जागा 4,36,266 जणांची. त्यातले 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आत ‘कच्चे’ म्हणतात ते. चारातल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. त्या वर्षी कोठडीतच 1,995 जण मेले, त्यातले 1,773 ‘नैसर्गिक’ कारणांनी. या शब्दाशी आमच्या लेखकाचं जुनं भांडण आहे. क्षय वेळेवर ओळखला न जाणं, मधुमेहाच्या गोळ्या मध्येच तुटणं, छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला ‘नाटक करतो’ म्हणणं, हे सगळं शेवटी त्याच रकान्यात जाऊन बसतं.

कायदा काही नाही असं नाही. प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी हे 1894 च्या तुरुंग कायद्याच्या कलम 39 मध्येच आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय करायला सांगितलं आहे. अडतं कुठं? वह्या वाचताना एक शब्द इतक्यांदा येतो की मी पेन्सिलीनं खुणा करायचं सोडून दिलं. तो शब्द म्हणजे गार्ड. आतल्या डॉक्टरनं बाहेरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, तारीख मिळाली, पण न्यायला पोलीस गार्ड नाही. कधी निवडणूक, कधी गणपतीचा बंदोबस्त, कधी मंत्र्यांचा दौरा. तारीख हुकते. नवी तारीख दोन महिन्यांनी. त्या दिवशी पुन्हा गार्ड नाही. सोनोग्राफीसाठी थांबलेल्या एका माणसाची कहाणी पुस्तकात आहे; ती इथं सांगून टाकत नाही.

या विषयावर आपल्या राज्यात लिहायचं आणि फादर स्टॅन स्वामींचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. हे जेझुइट धर्मगुरू स्वतः संशोधक होते. झारखंडच्या तुरुंगांतल्या आदिवासी कच्च्या कैद्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. मग ऑक्टोबर 2020 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी, एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली आणि ते तळोज्याच्या तुरुंगात कच्चे कैदी झाले. खटल्याच्या गुणदोषांत मी जात नाही. तो त्यांच्यापुरता कधी चाललाच नाही. पार्किन्सनमुळं पेला हातात ठरत नसे, म्हणून नळी आणि झाकणाचा पेला मिळावा यासाठी न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. सहबंदी त्यांना खाऊपिऊ घालत. 5 जुलै 2021 ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. अभ्यासक आणि ज्याचा अभ्यास करायचा तो, या दोघांमधलं टेबल किती पातळ असतं, ते मला त्या बातमीनं दाखवलं.

आणि ते टेबल दुसऱ्या बाजूनंही ओलांडता येतं. प्रभाकर संझगिरी या स्थानबद्ध बंदीनं मुंबईच्या तुरुंगात ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचं विज्ञानावरचं मराठी पुस्तक लिहिलं. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारनं मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1965 मध्ये निकाल संझगिरींच्या बाजूनं लागला. कैदी म्हणजे फक्त नमुना, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बराकीत कोणाला रात्री घाम फुटतो, कोण जेवण शेजाऱ्याला देऊन टाकतो, कोण पहाटे भिंतीकडं तोंड करून बसतो, हे डॉक्टरच्या किती तरी आधी शेजारच्या पथारीवाल्याला कळतं. आमच्या लेखकानं हे ज्ञान मागून घेतलं. क्षयाच्या संशयितांची त्याची पहिली यादी एका पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यानं तोंडी सांगितलेली आहे.

राहिला धर्माचा प्रश्न, जो पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येणार. ख्रिस्ती माणूस तुरुंगात जातो म्हटलं की इतरांना वाटतं, बाटवायला चालला. आणि आमच्याच मंडळीतले काही विचारतात, किती आत्मे जिंकले? दोन्ही प्रश्न त्यानं मनाला लावून घेतले नाहीत. बंदिवानांची भेट आणि पुनर्वसन यासाठीच काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्था आहेत. 1981 मध्ये केरळात सुरू झालेली प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही त्यातली मोठी. त्यांचं काम त्यांच्या जागी. यानं मात्र स्वतःपुरता नियम केला: तपासणीच्या दिवशी प्रार्थना नाही, गळ्यात क्रूस नाही, खिशात पत्रक नाही. कोणी विचारलं तर धर्म सांगायचा, लपवायचा नाही, पण वजनकाट्यासमोर उभ्या असलेल्याला नाही. कारण तिथं उभा असलेला माणूस औषधासाठी कशालाही हो म्हणेल. मी खरुजेच्या मलमाच्या आशेवर घेतलेला अंगठा आणि गोळीच्या आशेवर म्हटलेलं ‘आमेन’, दोन्ही एकाच जातीचे. हे वाक्य त्याच्यासमोर मी म्हटलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, काका, आमेनला तर शाईही लागत नाही.

पुस्तकात उणिवा आहेत. महिला बराकीवरचं प्रकरण तोकडं आहे, कारण त्याला तिथं जाता येत नसे आणि त्याच्या सहकारी भगिनींच्या नोंदी उशिरा मिळाल्या. सुटून आलेल्यांचा पाठपुरावा वरूड-मोर्शीपलीकडं फारसा झालेला नाही. भाषा जागोजागी वहीची आहे, तुटक. मी ती सुधारू दिली नाही.

एक पान मात्र वाचकानं आधी उघडावं असं सुचवतो. त्या पानावरच्या दिवशी त्यानं वॉर्डरला रांग लावू नका अशी विनंती केली होती. अधिकारी भले होते, ऐकलं. झाडाखाली टेबल, बाजूला वजनकाटा, आणि बंद्यांना सांगितलेलं एवढंच: यायचं त्यानं यावं, न येणाऱ्याचं नाव लिहिलं जाणार नाही, आणि मागच्या वेळच्या तपासण्यांचे निकाल आधी सांगितले जातील. पहिला अर्धा तास कोणीच आलं नाही. मग सात जण आले. आठवा जवळ आला, कागद पूर्ण ऐकून घेतला, दोन शंका विचारल्या आणि “नाई जमत जी” म्हणून कॅरमकडं परत गेला. पानाच्या तळाशी तारीख आहे, सात वजनं आहेत, आणि त्याखाली लाल शाईनं, दोनदा अधोरेखित केलेलं: ‘नकार: 1’.